पेजेतलं मीठ : अचानक ‘बदललेल्या’ एका आजींचं प्रकरण

रुग्ण : स्त्री, वय ७४. देवगड तालुक्यात, समुद्रापासून थोड्या आतल्या एका वाडीत एकट्या राहतात. यजमान जाऊन बरीच वर्षं झाली. दोन मुलगे मुंबईच्या उपनगरांत, मुलगी कोल्हापूरला. तक्रार : ‘आठ दिवस काकी काय तरी वायलाच बोलता.’ ही तक्रार शेजारणीची. आजींना विचारलं तर म्हणाल्या, ‘माका काय्येक जावक नाय,’ आणि पुन्हा डोळे मिटून घेतले.

कुटुंबाची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

जूनचा पहिला आठवडा होता, मिरग लागायचा होता. शेजारणीचा आधी फोन आला तेव्हा तिला एवढंच सांगितलं होतं की येताना घरात असतील नसतील तेवढ्या गोळ्या पिशवीत भरून आण. ती बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबाच घेऊन आली. त्यात रबर लावलेल्या स्ट्रिपा, कात्रीने कापलेले एकेका गोळीचे तुकडे आणि सात कप्प्यांची प्लास्टिकची डबी होती. डबीवर वारांची इंग्रजी अक्षरं, जी आजींना वाचता येत नाहीत. आम्लोडिपिन १० मिलिग्रॅम. टेल्मिसार्टन आणि क्लोरथॅलिडोन एकत्र असलेली बीपीची गोळी. गुडघ्यांसाठी दुकानातून आणलेली वेदनाशामक. कॅल्शियम. आणि तळाशी झोप आणणाऱ्या अल्प्राझोलामची अर्धी संपलेली स्ट्रिप, जिची चिठ्ठी कुणाकडेच नव्हती.

तपासताना ताप नव्हता. साखर ठीक होती. झोपून बीपी १२८/७०, आधार देऊन उभं केल्यावर १०२/६०. उजव्या कुशीला काळंनिळं झालेलं, मनगट सुजलेलं. हातापायांची ताकद दोन्हीकडे सारखी, तोंड वाकडं नाही. आठवड्याचे वार उलटे म्हणायला सांगितले. रविवार आला, शनिवार आला, मग त्या थांबल्या. ‘आज शुक्रवार? मासळीवाली इली काय?’ असं विचारून दाराकडे बघत राहिल्या. मिनिटभराने मी कोण हे त्यांना नीट आठवलं, नावानिशी. पुढच्या मिनिटाला मी त्यांची भाची झाले होते.

हे असं वर-खाली होणं, लक्ष न टिकणं आणि मुख्य म्हणजे काही दिवसांत सगळं घडणं याला वैद्यकात डिलिरियम म्हणतात. स्मृतिभ्रंश महिन्या-वर्षांनी वाढत जातो. गेल्या महिन्यात स्वतः बाजारहाट करणारी बाई या महिन्यात घरचं माणूस ओळखत नसेल तर ते वयामुळे नव्हे. कुठेतरी शरीरात बिघाड झालेला असतो आणि तो शोधावा लागतो. दुसरी गोष्ट, डिलिरियम म्हटलं की आरडाओरडा, कपडे फाडणं डोळ्यासमोर येतं. म्हाताऱ्या माणसांत तो पुष्कळदा शांत असतो. माणूस नुसता झोपून राहतो, जेवत नाही, हो ला हो करतो. अशा म्हातारीला घरातले ‘गुणाची झाली’ म्हणतात.

शेजारणीने सांगितलेला घटनाक्रम असा. सुरुवातीला आजी दिवसा झोपायला लागल्या आणि रात्री जाग्या. मग दुधाचं पातेलं चुलीवर ठेवून विसरल्या. मग संध्याकाळी ओटीवर बसून, नसलेल्या यजमानांसाठी पानाचं तबक काढलं. रात्री झोप येत नाही म्हणून कुणीतरी बाजारातल्या दुकानातून झोपेची गोळी आणून दिली. त्यानंतर दुसऱ्या रात्री लघवीला मागच्या दारी जाताना जांभ्याच्या पायरीवर त्या पडल्या.

मुलगा रोज रात्री आठला फोन करायचा. ‘जेवलंय, गोळी घेतलंय, बरी आसंय,’ ही तीन वाक्यं त्याला रोज ऐकू येत होती आणि ती आजींना डोकं ठिकाणावर नसतानाही म्हणता येत होती. एकदा त्यांनी ‘तुझे बाबा अजून बागेतसून येवक नाय’ असं म्हटलं. मुलाला वाटलं, आईला बाबांची आठवण येते आहे. तो रात्रभर तळमळला, पण डॉक्टरला फोन करावा असं त्याला सुचलं नाही. कसं सुचणार? मे महिनाभर तो सहकुटुंब घरीच होता आणि आई ठणठणीत होती.

मध्ये देवळातही जाऊन झालं होतं. यजमानांसाठी पान काढलं म्हटल्यावर वाडीत ‘बाहेरचं’ काही आहे का अशी कुजबुज होणारच. गुरवाने कौल लावला, नारळ ठेवला आणि शेजारणीला स्पष्ट सांगितलं : ‘गाऱ्हाना मी घालतंय, पन काकीक डॉक्टराक दाखवा.’ रुग्ण माझ्यापर्यंत पोचला तो या गुरवामुळे. आमच्याकडच्या डॉक्टरांनी देवस्कीवर तोंडसुख घेण्याआधी गावच्या गुरवाशी ओळख करून घ्यावी, असं माझं मत आहे.

या भागात जून लागला आणि माणूस बरळायला लागला की आधी लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस, उंदरांच्या लघवीतून पसरणारा ताप) आठवतो. पण ताप नव्हता, डोळे लाल नव्हते, कावीळ नव्हती. पडल्यामुळे मेंदूभोवती रक्त साठलंय का, ही शंका खरी होती आणि तिच्यासाठी सीटी स्कॅन करावाच लागणार होता. लघवीतला जंतुसंसर्ग, थायरॉइड, पक्षाघात हेही यादीत होतं. पण डब्यातली ती क्लोरथॅलिडोन आणि उभं राहिल्यावर घसरणारं बीपी बघून मी रक्त पहिल्यांदा सोडियमसाठी पाठवलं. उत्तर आलं ११६. रक्तात सोडियम लिटरला १३५ ते १४५ मिलीइक्विव्हॅलंट असायला हवं. पोटॅशियमही ३.१, म्हणजे कमीच.

सोडियम इतकं कसं उतरलं, हे कळायला वर्षभर मागे जावं लागतं.

आजींचं बीपी पहिल्यांदा सापडलं ते उपकेंद्रात. उच्च रक्तदाब नियंत्रणाचा जो राष्ट्रीय उपक्रम २०१७-१८ च्या सुमारास महाराष्ट्रात मोजक्या जिल्ह्यांत सुरू झाला त्यांत सिंधुदुर्ग होता. त्यामुळे इथे वाडी-वाडीवर बीपी मोजलं जातं आणि गोळ्या फुकट मिळतात, ही चांगली सोय आहे. आजींना आम्लोडिपिन ५ सुरू झाली. पुढे गुडघे दुखतात म्हणून त्या दुकानातून वेदनाशामक घ्यायला लागल्या. अशा गोळ्यांनी बीपी चढतं आणि शरीरात पाणी धरलं जातं. उपकेंद्रात त्यांनी त्या गोळीचं नाव काढलं नाही, कारण कुणी विचारलं नाही आणि गुडघ्याची गोळी ती काय सांगायची! बीपी चढलेलं दिसलं तेव्हा एका खाजगी डॉक्टरने आम्लोडिपिन १० केली. १० च्या डोसाने पायांना सूज येणं नेहमीचंच आहे. ती आली.

तुळशीचं लग्न झाल्यावर मुलाने त्यांना मुंबईला नेलं. तिथल्या तज्ज्ञाने सुजलेले पाय पाहिले, बीपी १६० पाहिलं आणि टेल्मिसार्टनबरोबर क्लोरथॅलिडोन दिली. क्लोरथॅलिडोन लघवीवाटे मीठ-पाणी बाहेर काढते. सूज पहिल्या गोळीची होती. ती गोळी तशीच राहिली आणि सुजेवर दुसरी बसली. शिवाय सांगितलं, ‘मीठ कमी करा.’ डिसेंबरातल्या मुंबईत, सुनेच्या हातचं चौरस जेवण जेवणाऱ्या बाईला हा सल्ला चुकीचा म्हणता येणार नाही. जागतिक आरोग्य संघटनाही दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खा असंच सांगते.

शिमग्याआधी आजी गावी परतल्या. घरात एकटं माणूस काय रांधणार? सकाळी उकड्या तांदळाची पेज, दुपारी भात, रात्री उरलेल्या भाताची पुन्हा पेज. या जेवणाला सत्त्व यायचं ते तोंडीलावण्यातून : भाजलेला सुका बांगडा, सुकट, जवळा, खारातली मिरची, कधी कुळथाची पिठी. मीठ आणि प्रथिनं दोन्ही तिथूनच मिळत. मुंबईहून आल्यावर खारं म्हणून सुकं मासळ बंद झालं, लोणचं बंद झालं आणि पेजेतलं मीठही गेलं. ‘डॉक्टरांनी मीठ खाव नको म्हणान सांगल्यानी.’ ताजी मासळी एकटीसाठी कोण घेतं? आणि १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंदच असते. पावसाळ्याचे ते दोन महिने निघावेत म्हणून तर सुकं मासळ साठवायचं असतं.

तरी एप्रिलपर्यंत सगळं निभावलं. त्याचं कारण बऱ्या झाल्यावर आजींनीच सांगितलं, ते बाकी कुणालाच माहीत नव्हतं. त्या गोळी रोज घेतच नव्हत्या. लघवी फार होते, मग बँकेत जायचं असेल, बाजाराला जायचं असेल, कुणाकडे कार्य असेल तर गोळीला सुट्टी. अर्ध्या तिकिटात एसटी मिळते, पण एसटीत लघवीची सोय नसते, हे त्यांचं म्हणणं.

मे महिन्यात घर भरलं. दोन्ही मुलगे, सुना, नातवंडं. मोठी नात कॉलेजात शिकणारी आणि आजीवर जीव असलेली. तिच्या लक्षात आलं की आजी गोळ्या चुकवते. तिने ती सात कप्प्यांची डबी मागवली, मोबाइलवर गजर लावला, रोज सकाळी स्वतःच्या हाताने गोळी दिली. उन्हाळ्यात म्हाताऱ्यांनी भरपूर पाणी प्यावं हे तिने वाचलेलं, म्हणून माजघरात पाण्याच्या बाटल्या ओळीने भरून ठेवल्या. ‘आजी, पाणी प्यालीस?’ हा प्रश्न दिवसातून दहा वेळा. सुनेने डॉक्टरांच्या सल्ल्याप्रमाणे आजींचं जेवण वेगळं, अळणी ठेवलं. आणि आजी? त्या महिनाभर आगोटीच्या, म्हणजे पावसाळ्याआधीच्या साठवणीच्या, कामात होत्या. रातांबे फोडणं, सोलं वाळत घालणं, आंबोशी, फणसाच्या साटांचं वाळवण, लाकडं भरून ठेवणं. किनाऱ्यावरच्या दमट मे महिन्यात खळ्यात बसून हे सगळं केलं की लुगडं घामाने पिळून निघतं आणि घामाबरोबर मीठ जातं.

आता हे सगळं एकत्र ठेवून बघा. क्लोरथॅलिडोनसारख्या थायझाइड जातीच्या गोळ्यांमुळे मूत्रपिंडाला पातळ लघवी करता येत नाही, म्हणजे जास्तीचं पाणी बाहेर टाकता येत नाही. वयानुसार ती ताकद आधीच घटलेली असते. शिवाय पाणी बाहेर पडायला त्याच्याबरोबर काहीतरी विरघळलेलं जावं लागतं : मीठ, किंवा प्रथिनांपासून तयार होणारा युरिया. अळणी पेज पिणाऱ्या शरीरात दोन्हींचा तुटवडा असतो. वेदनाशामक गोळी पाणी आणखी धरून ठेवते. मग प्यालेलं पाणी अंगात राहतं आणि रक्तातलं सोडियम विरळ होत जातं. मेंदूच्या पेशींत पाणी शिरतं आणि माणूस पेंगतो, अडखळतो, पडतो, नसलेल्या माणसाला पान लावतो.

मला या प्रकरणात सगळ्यात बोचलं ते हे की यात कुणी हलगर्जी नव्हतं. चिठ्ठीशिवाय झोपेची गोळी विकणारा दुकानदार सोडला तर प्रत्येकाने आपल्यासमोर जे होतं त्याला धरून योग्यच केलं. उपकेंद्राला मुंबईची गोळी दिसत नव्हती. मुंबईच्या डॉक्टरला पेजेचं ताट आणि मे महिन्याचं खळं दिसत नव्हतं. नातीला दिसत नव्हतं की चुकवलेल्या गोळ्यांनीच आजी तगली होती.

उपचाराबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण घरगुती उपाय इथे जिवावर बेततात. सोडियम कमी आहे हे कळल्यावर मुलाने फोनवर पहिला प्रश्न विचारला, ‘मग मिठाचं पाणी पाजू का?’ नाही. इतकं उतरलेलं सोडियम झपाट्याने वर आणलं तर मेंदूच्या देठाला कायमची इजा होऊ शकते. माणूस आधी शुद्धीवर येतो आणि काही दिवसांनी बोलणं-गिळणं हरवून बसतो. २४ तासांत ८ ते १० पेक्षा जास्त वाढ होऊ द्यायची नसते. थायझाइडच्या रुग्णात तर गोळी बंद केली आणि साधं सलाइन लावलं की कधीकधी मूत्रपिंड एकदम मोकळं होतं आणि सोडियम स्वतःच उसळी मारतं. म्हणून दर चार-सहा तासांनी रक्त तपासता येईल अशाच ठिकाणी रुग्ण हवा. ती सोय तालुक्याला नव्हती. १०८ ला फोन केला, आजींना जिल्ह्याच्या ठिकाणी पाठवलं. सत्तरीवरच्यांना मिळणारं आयुष्मान कार्ड नातीने मे महिन्यातच काढून ठेवलं होतं. या पोरीने किती गोष्टी बरोबर केल्या होत्या ते बघा.

सीटी स्कॅनमध्ये रक्तस्राव नव्हता, मनगट मोडलेलं नव्हतं. क्लोरथॅलिडोन, वेदनाशामक, झोपेची गोळी तिन्ही बंद. पाणी मोजून. दुसऱ्या दिवशी सोडियम १२३, पाचव्या दिवशी १३१. पण आकडा सुधारला त्याच दिवशी आजी पूर्वीच्या आजी झाल्या नाहीत आणि इथे घरचे घाबरले. डिलिरियम आकड्याच्या मागून, रेंगाळत उतरतो. कधी आठवडे लागतात. उपयोगी पडल्या त्या साध्या गोष्टी : चष्मा दिला, खाटेजवळ घड्याळ ठेवलं, दिवसा खिडकी उघडी, रात्री दिवा मंद, ओळखीचं माणूस जवळ. शेजारीण दोन दिवस राहिली, मग मुलगी आली. मालवणीत बोलणारं माणूस जवळ असलं की आजी कमी भांबावत, हे वॉर्डातल्या सिस्टरने टिपलं होतं.

दवाखान्यात असतानाच दोन गोष्टींचा निकाल लावायची घाई सुरू झाली. भावकीतले एकजण सामाईक सातबाराच्या संमतीपत्रावर आजींची सही हवी म्हणून आले. मुलीने मला फोन केला. रुग्ण सध्या निर्णय घेण्याच्या मनःस्थितीत नाही, असं तिथल्या डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या, असं मी सांगितलं. ते लिहून मिळाल्यावर विषय थांबला. दुसरी घाई मुलांची : आता आईला कायमचं मुंबईला न्यायचं. त्यामागे प्रेमच होतं, पण तोही निर्णयच. सगळं निवळल्यावर, आजींसमोर बसून बोला, एवढीच माझी अट होती.

तीन आठवड्यांनी आजी माझ्याकडे आल्या तेव्हा त्यांनी वार उलटे म्हटले, मध्ये एकदाही न अडखळता, आणि ‘आता गुरवाराच्या आधी काय, तां पन सांगू?’ असं विचारून मला गप्प केलं. मधल्या पंधरवड्यातलं त्यांना जवळजवळ काहीच आठवत नव्हतं. पानाच्या तबकाचं कुणीतरी सांगितलं होतं. त्यावर त्या हसल्या नाहीत. मुंबईचा प्रस्ताव त्यांनी फेटाळला : दिवाळीनंतर दोन महिने येईन, बाकी माझ्या घरात. मुलं नाराज झाली आणि मान्य केलं.

अशा आजी या जिल्ह्यात घरटी आहेत. २००१ ते २०११ या दहा वर्षांत सिंधुदुर्गाची लोकसंख्या ८,६८,८२५ वरून ८,४९,६५१ वर आली. २०११ च्या जनगणनेत दर हजार पुरुषांमागे १,०३६ बायका होत्या. कमावती माणसं मुंबई-गोव्याकडे जातात, घर राखायला बहुतेक म्हातारी बाई उरते. तिची गोळी एका गावात ठरते, पोटात दुसऱ्या गावात जाते.

पुढची व्यवस्था आम्ही अशी लावली. बीपीसाठी आम्लोडिपिन परत ५ वर आणली, टेल्मिसार्टन ४० वेगळी दिली. पायांची सूज महिन्याभरात जवळजवळ गेली. गुडघ्यांना शेक, पॅरासिटामॉल आणि खुर्चीवर बसून करायचे मांड्यांचे व्यायाम. ‘आता पेजेत मीठ घालू मां?’ हे त्यांनी दोनदा विचारून खात्री करून घेतली. पेजेत चवीपुरतं मीठ, आठवड्यातून एक-दोनदा सुकं मासळ भिजवून, पाणी बदलून, रोज कुळीथ किंवा अंडं यातलं काहीतरी. तहान लागेल तेवढं पाणी. बाटल्यांची ओळ नको. न्हाणीघराकडे जाणाऱ्या पायऱ्यांना आधाराचा बांबू लावला, मागच्या दारी दिवा आणि पावसाळ्यात शेवाळ धरतं तिथे नेहमीप्रमाणे माडाची चुडतां अंथरली. रात्रीसाठी खोलीत भांडं ठेवायला त्या लाजत होत्या, आशाताईने समजावलं.

आशाताईकडे, माझ्याकडे आणि मुलाच्या मोबाइलमध्ये एकच कागद आहे, सगळ्या गोळ्यांचा, दुकानातून घेतलेल्यांसकट. त्यावर वर मोठ्या अक्षरांत लिहिलंय : थायझाइड जातीची गोळी देऊ नये, सोडियम ११६ झाले होते. कागदाची एक प्रत आजींच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवली आहे. मुलाला सांगितलंय की फोनवर ‘जेवलीस का’ विचारू नकोस, काय जेवलीस आणि वाडीत आज काय झालं ते विचार. उत्तर विस्कटलेलं वाटलं तर त्याच रात्री शेजारणीला फोन.

दिवाळीनंतर आजी ठरल्याप्रमाणे मुंबईला गेल्या. तिथे बीपी १५६ भरलं आणि मुलाचा फोन आला : ती लघवीची गोळी निम्म्या डोसाने परत सुरू करूया का, इथले डॉक्टर विचारतायत. कागद त्याने त्यांना दाखवला होता. मी नको म्हटलं. टेल्मिसार्टन ८० करावी आणि दोन आठवड्यांनी पोटॅशियम, क्रिएटिनिन आणि सोडियम बघावं असं त्या डॉक्टरांशी फोनवर बोलून ठरलं. तपासणीत सोडियम १३७ आलं, बीपी उभ्याने १३४.